दहाच्या खाचेत अडतीसचा कॅनव्हास

शनिवार, १७ ऑगस्ट २०२४

ताई आज नाशिकहून आली आणि तिन्ही कॅनव्हास सोफ्यावर टेकवून चहा पिऊन गेली. मेणवलीचा घाट (तैलरंग), कृष्णेचं पूर ओसरल्यानंतरचं पात्र (ॲक्रिलिक) आणि वाळत घातलेली हळद (ॲक्रिलिक). वाईच्या वाड्यातल्या तीन सागवानी फ्रेमा सहा वर्षं माझ्या माळ्यावर पडून आहेत. त्यांत ही चित्रं बसवायची आणि दसऱ्याला आईकडे लावायची, असं आमचं जानेवारीतच ठरलं होतं. मी फोनवर काचेचं माप सांगितलं, १४ बाय २० इंच. तिने त्याच मापाचे कॅनव्हास करून घेतले. लांबी-रुंदी दोघींनीही दोनदा तपासली. जाडीबद्दल कोणी तोंड उघडलं नाही.

कॅनव्हास ३८ मिमी जाड आहेत. फ्रेमेच्या मागची खाच, जिला सुतार पताम म्हणतात, ती १० मिमी. म्हणजे चित्र आत बसलं तरी मागून दीड-दोन बोटं बाहेर.

अर्थात त्यात फ्रेमेचा काय दोष? ती तैलचित्रासाठी केलेलीच नव्हती. तिच्यात ओलिओग्राफ होते, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं. रविवर्म्याने १८९४ मध्ये गिरगावात छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या. १४ बाय २० हे त्या छापील चित्रांच्या नेहमीच्या मापांपैकी एक. काच, कागद, मागे पातळ फळी, की झालं. दहा मिमीत सगळं मावायचं. आमच्या तीन चित्रांपैकी दोन कसरीने संपवली, तिसरी सरस्वती अर्धीमुर्धी शिल्लक आहे. ती वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवली आहे.

रविवार, १८ ऑगस्ट

सगळी मापं पुन्हा, या वेळी पट्टीने नाही, व्हर्नियरने.

फ्रेमेची पट्टी ५० मिमी रुंद. आतल्या कडेला जाडी २२, तिथून बाहेर उतार, बाहेरच्या कडेला १६. खाचेची रुंदी ६, खोली १०. खाचेतलं माप ३५९ बाय ५११. कॅनव्हास मधोमध मोजला तर ३५८ बाय ५१०, वाटलं सुटलो. कोपऱ्यात मोजला तर ३६१ बाय ५१३. कोपऱ्यावर कापडाची घडी येते, तिच्याखाली आणखी एक घडी, वर स्टेपलर पिनांची डोकी. कॅनव्हासचं माप नेहमी कोपऱ्यात घ्यावं, हे मला आज कळलं.

शिवाय कॅनव्हास खाचेत घट्ट बसून चालत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, आणि कापड सैल पडलं की ते ज्यावर ताणलेलं असतं त्या लाकडी चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत पाचरी ठोकून ती जराशी पसरवावी लागते. त्यासाठी चारी बाजूंना दोन-तीन मिमी जागा हवीच. म्हणजे खाच रुंदीतही कमी पडते आणि खोलीतही.

शनिवार, २४ ऑगस्ट

सल्ल्यांचा दिवस. पेठेतल्या एका फ्रेमवाल्याने कॅनव्हास हातात घेऊन उलटा केला आणि म्हणाला, "मागून तिरके खिळे मारतो ना, फ्रेमेत पक्कं बसेल." तिरका खिळा म्हणजे चौकटीच्या कडेतून, कापडातून आरपार, थेट सागवानात. चित्र पुन्हा काढायचं झालं तर कड फाटणार, आणि लाकूड हललं की ताण बरोबर त्या खिळ्यांपाशी येणार. मी चित्र परत घेतलं.

दुसरा सल्ला आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीकाकांचा. त्यांनी आता काम थांबवलंय, पण हत्यारं अजून धारेची आहेत. "वहिनी, चौकटच अर्धी चिरून टाका. अडतीसची अठरा करा." ऐकायला सोपं आहे. पण त्यासाठी कापड सोडवून पुन्हा ताणावं लागतं, आणि कडेला रंग जिथे वळलाय तिथे तडे जातात. ॲक्रिलिक एक वेळ सोसेल, तैलरंग सोसणार नाही. आणि अठराची केली तरी दहाच्या खाचेतून आठ मिमी बाहेर राहणारच. तेवढ्यासाठी चित्राची शस्त्रक्रिया कशाला?

मी काकांना म्हटलं, चित्राला हात लावायचा नाही. मागून बाहेर येतंय तर येऊ दे, त्या बाहेर आलेल्या भागाचं काय करायचं ते बघू. काका थोडा वेळ गप्प बसले, मग फ्रेम उलटी करून अंगठ्याने खाच चाचपत म्हणाले, "मग खाच तरी रुंद करावीच लागेल."

रविवार, २५ ऑगस्ट

रुंदीचं काम आज झालं. दोन फ्रेमांचं, तिसरी बाजूला ठेवली (तिचं पुढे लिहिते).

जोडलेल्या फ्रेमेत पताम रंधा कोपऱ्यापर्यंत जात नाही. रंध्याचं नाक समोरच्या पट्टीला आपटतं आणि शेवटचे तीन इंच तसेच राहतात. तिथे पटाशी. काकांनी खतावणीने (कडेला समांतर रेघ ओढायच्या हत्याराने) खाचेच्या कडेपासून तीन मिमीवर रेघ ओढली, पटाशीची सपाट बाजू रेघेला टेकवली आणि हलकेच मोगरी मारली. सागवानाचा कुरकुरीत तुकडा निघाला, नखाएवढा. मग पुढचा. एक बाजू त्यांनी केली, उरलेल्या सात मी. जुना सागवान चिवट नसतो, ठिसूळ असतो, रेषेवर चालतो आणि मध्येच दगा देतो. एका कोपऱ्यात चिरफळी रेघेच्या पलीकडे गेली. ती मागच्या बाजूला आहे, कोणाला दिसणार नाही. मला माहीत आहे, तेवढं पुरे.

आता खाचेतलं माप ३६५ बाय ५१७. कॅनव्हास सहज उतरतो, कोपऱ्यातही अडत नाही. हे एकच काम असं झालं की ते परत फिरवता येणार नाही. बाकी जे करीन ते स्क्रूवर, फेव्हिकॉल नाही, असं ठरवलं. उद्या कोणाला या फ्रेमेत पुन्हा काच घालावीशी वाटली तर घालता यावी.

शनिवार, ३१ ऑगस्ट

बोहरी आळी. मागून चित्र धरून ठेवणाऱ्या इंग्रजी झेड आकाराच्या क्लिपा शोधत होते. एक पाय फ्रेमेच्या पाठीवर स्क्रूने, दुसरा पाय चौकटीच्या पाठीवर नुसता दाबून, मधला भाग उभा. पाव इंच, अर्धा इंच अशा उंचीच्या मिळतात असं वाचलं होतं. चार दुकानं फिरले. एकाने बिजागरी दाखवली, एकाने पडद्याचा रॉड. शेवटी १२ मिमी रुंद, २ मिमी जाड ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन आले. घरीच वाकवते.

उंचीचा हिशोब: चित्र ३८, खाचेत फेल्टची पट्टी १, वजा खाच १०. बाकी २९. हाच आकडा पुढे सगळीकडे लागणार आहे, म्हणून भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवला.

रविवार, १ सप्टेंबर

पहिल्या तीन क्लिपा मोडल्या. शिकंज्यात पट्टी धरून हातोडीने काटकोनात वळवली की वाकाच्या बाहेरच्या अंगाला केसासारखी चीर पडते आणि दुसऱ्या ठोक्याला तुकडा हातात येतो. काकांनी शिकंज्याच्या जबड्यावर कानशीने कड थोडी गोल केलेला लाकडाचा ठोकळा बसवला. त्यावर वाक गोलसर आला आणि चीर पडली नाही. ठोकळा २९ मिमी जाडीचा घेतल्यामुळे उंची मोजावी लागली नाही. खालचा पाय २० मिमी, वरचा १५. सहा क्लिपा झाल्या: लांब बाजूंना दोन-दोन, आखूड बाजूंना एक-एक.

वरचा पाय जरा आत झुकता ठेवला आहे, म्हणजे स्क्रू घट्ट केला की तो चौकटीवर स्प्रिंगसारखा दाबतो. त्या पायातून चौकटीत स्क्रू मारायचा नाही. चित्र फ्रेमेत दाबून धरायचं, जखडायचं नाही.

गुरुवार, ५ सप्टेंबर

रात्री ऑफिसातून आल्यावर घाईत एक बाजू लावायला घेतली आणि व्हायचं तेच झालं. पाऊण इंची स्क्रू, म्हणजे १९ मिमी. क्लिप २ मिमी. लाकडात १७. मी क्लिपचा पाय बाहेरच्या कडेकडे ठेवला होता आणि तिथे फ्रेम १६ मिमी आहे. शेवटच्या फिरकीला समोरच्या पॉलिशवर एक पुळी उठली, तिच्या टोकावर चकचकीत ठिपका. आकडा १८ तारखेच्या नोंदीत मीच लिहिलाय. वाचायचा कोणी?

स्क्रू काढला. आता अर्धा इंची, आणि आधी बारीक भोक पाडल्याशिवाय सागवानात स्क्रू नाही.

शनिवार, ७ सप्टेंबर

गणपती. ताई आली आहे. काम बंद, पण दुपारी आरतीनंतर तिने पुराचं चित्र फ्रेमेवर नुसतं ठेवून बघितलं आणि म्हणाली, "अगं, माझी सही कुठे गेली?"

फ्रेमेची ओठी, म्हणजे खाचेच्या पुढची कड, चारी बाजूंनी सात-आठ मिमी चित्र झाकते. ताई सही खालच्या कडेला अगदी टेकून करते, कड आणि अक्षर यांत पाच मिमी. चित्र खाचेत वर सरकवलं तरी दोन मिमीच मिळतात. मी म्हटलं ओठी तासते. ती म्हणाली, "वेडी का तू? शंभर वर्षांची फ्रेम तासतेस माझ्या सहीसाठी?" आणि माझ्या मुलाच्या रंगपेटीतला बारीक ब्रश घेऊन इंचभर वर दुसरी सही ठोकून दिली, उजव्या कोपऱ्यातल्या दगडावर. आधीपेक्षा चांगली आली. पहिली फ्रेमेखाली आहे.

तिला हळदीच्या चित्राचंही विचारून घेतलं. त्यात पिवळा रंग चारी कडांवरून मागे वळवलाय, आणि अंगण कडेवरून पुढे चाललंय असं वाटतं. ते उथळ फ्रेमेत घातलं तर कडा तर झाकतातच, पण अंगणही संपतं. ताई म्हणाली, "ते नको घालूस फ्रेमेत." म्हणून तिसरी फ्रेम बाजूला.

शनिवार, २१ सप्टेंबर

घाटाचं चित्र पूर्ण. फेब्रुवारीत रंगवलेलं तैलचित्र आहे, वरून कोरडं लागतं पण जाड थर अजून आतून ओला असणार. उघड्या लाकडाला टेकलं तर कडेचा रंग चिकटतो, म्हणून खाचेत काळ्या फेल्टची पट्टी. स्वयंचिकट फेल्ट मुद्दाम घेतलं नाही, उन्हाळ्यात त्याचा डिंक पाझरतो. काच अर्थातच नाही. व्हार्निशसाठी अजून थांबायचं.

फेल्टवर चित्र ठेवलं, सहा क्लिपा, सहा छोटे स्क्रू. समोरून बघितलं तर सागवान आणि त्यात घाट, मेणवलीची ती मोठी घंटा. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली. ताईने तिला जवळजवळ काळीच रंगवली आहे आणि काळ्या सागवानात ती फार शोभते.

मग फ्रेम भिंतीवर धरून बाजूने बघितलं. फ्रेम भिंतीपासून २९ मिमी लांब तरंगतेय, आणि मधल्या फटीतून कच्चं कापड, स्टेपलच्या पिना, ॲल्युमिनियमच्या क्लिपा. समोरून शालू, बाजूने परकराची नाडी. जिन्यात किंवा पॅसेजमध्ये हे चालणार नाही. पण आईकडे दोन कपाटांच्या मधल्या भिंतीवर लावायचंय, तिथे बाजूने बघायला जागाच नाही. घाट तिथे जाईल, म्हणजे क्लिपा चालतील.

रविवार, २२ सप्टेंबर

पुराचं चित्र दिवाणखान्यात जाणार, तीन बाजूंनी दिसणार. त्यासाठी दुसरा मार्ग: फ्रेमेच्याच पाठीवर लाकडाच्या पट्ट्या उभ्या करून खाच खोल करायची.

काल टिंबर मार्केटमधून सागवानाची कापून उरलेली सव्वा बाय पाऊण इंची पट्टी आणली. रंधून ३० बाय १८ मिमी केली. २९ ऐवजी ३०, एक मिमी मोकळा. फ्रेमेची पाठ खाच रुंद केल्यावर ४१ मिमी उरली आहे. पट्टी आतल्या कडेला लावली की बाहेरून २३ मिमी आत राहते, म्हणजे बाजूने बघणाऱ्याला आधी फ्रेमेची कड दिसते आणि मग नुसती सावली. कोपरे ४५ अंशात कापले नाहीत. साधे टोकाला टोक. मागच्या बाजूला कोण गुण्या लावून बघणार?

स्क्रू पावणेदोन इंची, डोकं दोन मिमी पट्टीत बुडवून. लाकडात १६ मिमी जातात, तिथे जाडी वीसच्या आसपास आहे. या वेळी आधी हिशोब, मग ड्रिल. प्रत्येक पट्टीला तीन स्क्रू. बाहेरचं अंग गडद तपकिरी रंगवलं.

पुढचा आठवडा पितृपक्षाचा. आईचा फोन: "करायचं ते करा, पण पंधरवड्यात माझ्या भिंतीवर काही नवीन लावू नका." बरंच झालं, रंग नीट वाळेल.

रविवार, २९ सप्टेंबर

चित्र आत बसलं. चौकटीच्या पाठीवर फेल्टचे छोटे तुकडे आणि त्यावर ३ मिमी हार्डबोर्ड, पट्ट्यांवर स्क्रूने. हार्डबोर्डच चित्र दाबून धरतो, इथे क्लिपा लागल्याच नाहीत. एकूण जाडी ५५. बाजूने बघितलं तर जाड, भारदस्त फ्रेम वाटते, काही लपवलंय असं वाटत नाही. टांगायच्या कड्या नव्या पट्ट्यांवर लावल्या, वरून एक तृतीयांशावर. वजन फ्रेमेने उचलायचं, कॅनव्हासच्या चौकटीने नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी गुंड्या, म्हणजे भिंतीत ओल आली तरी मागून वारा खेळेल.

याच दिवशी ५ तारखेच्या पुळीचाही निकाल लावला. पॉलिशपेपरने ती सपाट केली, सागवानाचा भुसा आणि लाख वितळवून भोकात भरली, वरून स्पिरिट पॉलिशचा बोळा. दिवसा शोधावं लागतं. ट्यूबलाइटखाली लगेच सापडतं.

बुधवार, २ ऑक्टोबर

सुट्टी. हळदीसाठी ट्रे फ्रेम. हिच्यात समोर ओठी नसते. मागे तळ, चारी बाजूंना उभी भिंत, आणि चित्र मधे तळावर. चित्र आणि भिंत यांत ६ मिमी फट, चित्राचा चेहरा भिंतीच्या कडेपेक्षा ३ मिमी खाली. साधं पाइन घेतलं, आतून काळं, बाहेरून नुसतं मेण. काकांनी एका सकाळीत जोडून दिली. खोल कॅनव्हाससाठी मुळात हेच करायला हवं होतं, असं ते तीनदा म्हणाले.

तळातून चौकटीत स्क्रू मारताना ड्रायव्हर घसरला आणि मागून कापडात घुसला. फाटलं नाही, पण समोर अंगणाच्या मधोमध वाटाण्याएवढा उंचवटा आला. मी पाच मिनिटं खुर्चीत बसून राहिले. मग ताईला फोन. "घाबरू नकोस, मागून कापूस ओला करून नुसता फिरव, पाणी गळायला नको, आणि पंख्याखाली ठेव." सुती कापड ओलं होऊन वाळताना ताणतं. संध्याकाळी उंचवटा गेला होता. तिने बजावून सांगितलं, ही युक्ती ॲक्रिलिकवर. घाटावर करू नकोस.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. तिन्ही लागली. आईने आधी हळदीसमोर खुर्ची ओढली. मग दिवाणखान्यात पुरासमोर उभी राहून, फ्रेमेवरून बोट फिरवत विचारलं, "ही आपल्या माजघरातली ना?" घाट कपाटांच्या मधे. त्याच्या बाजूला डोकं घालून बघायचा प्रयत्न फक्त माझ्या मुलाने केला.

रविवार, २७ ऑक्टोबर

दिवाळीची झाडलोट. घाटाच्या मागे पालीचं अंडं, खालच्या क्लिपच्या आडोशाला, चौकटीला चिकटवलेलं. चुकलंच माझं. पुराच्या पाठीवर हार्डबोर्ड आहे, हळदीला तळ आहे, घाट मात्र मागून उघडा ठेवला. अंडं काढून कुंडीत ठेवलं, आणि चौकटीच्या पाठीवर मांजरपाटाचं कापड ड्रॉइंगपिनांनी लावलं. वाराही खेळेल.

घरी परतल्यावर माळ्यावरची तिसरी फ्रेम काढली. खाच तासलेली नाही, जशी होती तशी. पुठ्ठ्यांमधली सरस्वती बाहेर काढली. वीणेचा एक भोपळा कसरीने नेलाय, बाकी रंग ठीक. कागद काचेला चिकटू नये म्हणून ओठीच्या आड लपतील अशा पातळ पट्ट्या कडेने लावल्या. काच २, पट्ट्या ३, कागद, मागे हार्डबोर्ड ३. दीड-दोन मिमी उरले, तेवढे खिळे ठोकायला लागतातच.